आधी शून्य बघायचं

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. कोल्हापूरकडच्या पॅसेंजरला अजून अवकाश होता, म्हणून फलाटावरच्या बाकावर बसल्या बसल्या मी भाचीला म्हटलं, "एकदा म्हणून दाखव बरं." ती ताठ झाली आणि समोरच्या रुळांकडं बघत तिनं सुरू केलं. "गुड मॉर्निंग सर. थँक यू फॉर गिव्हिंग मी धिस अपॉर्च्युनिटी..." मग नाव, गाव, डिप्लोमा मेकॅनिकल, टक्के. छंद, गाणी ऐकणे. गुण, कष्टाळूपणा. दोष, मी माणसांवर पटकन विश्वास ठेवते. पाऊण मिनिटात सगळं संपलं. कुठं अडखळली नाही.

"छान झालं," मी म्हणाले.

"ह्यातलं तुझं काय होतं?" बापूनं तिला विचारलं.

बापू माझा धाकटा भाऊ. कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतात, ती हा लेथवर आणि सीएनसीवर मापात आणून देतो. चौदा माणसं हाताखाली. मी साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले. भाची आमच्या मधल्या बहिणीची. कोरेगाव तालुक्यातलं घर, दोन एकर रान, वडील वाहनावर ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी कुपवाडच्याच एका कारखान्यात तिची मुलाखत होती, क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून. तिच्या आयुष्यातली पहिली. बापू घरच्या कार्याला साताऱ्यात आला होता, तो परत निघाला होता, म्हणून आम्ही तिघं एकत्र निघालो. त्या प्रवासात जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवलं आहे. आमच्या दोघांचंही म्हणणं त्या दिवशी पुरं पडलं नाही, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे.

"दोष विचारला की दहातली सात पोरं मला हेच सांगतात," गाडी सुटल्यावर बापू म्हणाला. "विश्वास ठेवतो. नाहीतर, काम पुरं झाल्याशिवाय झोप लागत नाही. सगळ्यांनी एकाच व्हिडिओतनं घेतलेलं. मला त्या पोराचं काहीच कळत नाही, फक्त पाठांतर चांगलं आहे एवढं कळतं. अक्का, तू हिला हे शिकवलंस?"

"मी नाही शिकवलं. पण तिनं ते शोधलं, पाठ केलं, आरशासमोर म्हटलं, याचं मला कौतुक आहे."

"कशाला? जायचं, विचारतील ते खरं सांगायचं, येत नाही ते येत नाही म्हणायचं. बास. तयारी करायची तर कामाची कर."

"हे तू म्हणू शकतोस बापू. तुझ्या पोराला मुलाखत कशी द्यायची हे कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. कारण तुझ्या घरी रोज संध्याकाळी ऑर्डरीवर बोलणं चालतं. गिऱ्हाईक येतं, पोरगं चहा घेऊन बाहेर येतं आणि कोपऱ्यात थांबून ऐकतं. परक्या माणसाशी कसं बोलायचं, भाव कसा सांगायचा, नाही कसं म्हणायचं, हे त्याच्या कानावर दहा वर्षं पडत आलंय. हिच्या घरी परका माणूस येतो तो वीज बिलाचा, नाहीतर बँकेचा. तेव्हा हिची आई म्हणते, आत जा. तुझ्या पोराची तयारी घरातच झाली, म्हणून तुला तयारी दिसत नाही."

तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. कोरेगाव गेलं. मग त्यानं मला वर्निअरची गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी ऐकली होती, पण त्याला ती भाचीला सांगायची होती.

त्याच्याकडं दोन मुलं आली होती. एक डिप्लोमाचा, एक आयटीआयचा. बापू मुलाखतीला टेबलावर मुद्दाम एक बिघडलेलं वर्निअर कॅलिपर ठेवतो आणि एक जॉब ठेवतो. म्हणतो, व्यास सांग. डिप्लोमावाल्यानं आधी वर्निअरची व्याख्या सांगितली, लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर म्हणून सांगितलं, बरोबर सांगितलं, आणि जॉब धरून माप घेतलं. चुकलं. आयटीआयवाल्यानं काही न बोलता जबडे सदऱ्याच्या टोकानं पुसले, मिटवले, उजेडाकडं धरले आणि म्हणाला, "साहेब, ह्याचं शून्यच जुळत नाही. आधी शून्य बघायचं." बापूनं त्याला त्याच मिनिटाला घेतलं. आज तो त्याच्याकडं सेटर आहे.

"बघ," बापू भाचीला म्हणाला, "तोंड उघडायच्या आधी त्याची मुलाखत झाली होती."

"आणि तुझ्याकडं यायच्या आधी तो किती ठिकाणी नापास झाला होता?"

बापू हसला नाही. "तीन."

"तेच. तिन्ही ठिकाणी टेबलावर वर्निअर नव्हतं. खुर्ची होती, आणि 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न होता. त्याचे हात खिशात राहिले. सगळ्याच टेबलांपलीकडं तू बसलेला नसतोस बापू."

मी हे तावातावानं बोलले, कारण त्यामागं माझी स्वतःची एक दुपार आहे. बी.एड. झाल्यावर माझी पहिली मुलाखत एका संस्थेत झाली. समोर पाच माणसं. मला म्हणाले, तुमच्या विषयातलं काहीही शिकवून दाखवा, आम्ही विद्यार्थी समजा. मला भूगोल पाठ होता. मान्सून येतो कसा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. उभी राहिले आणि आवाजच निघाला नाही. त्यांनी काही वाईट केलं नाही, पाणी दिलं, वाट बघितली. मी घरी एसटीनं आले आणि आईला सांगितलं की जागा आधीच भरलेली होती. आमच्या भागात हे कारण कुणालाही पटतं. मुलाखत म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, कुणाची ओळख आहे का? चिठ्ठी मिळेल का? वशिल्यानं जागा भरल्या जातात हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण माझी त्या दिवशीची जागा वशिल्यानं गेली नव्हती. पुढं आमच्या कॉलेजातल्या एका बाईंनी मला महिनाभर रिकाम्या वर्गात उभं करून रोज मोठ्यानं बोलायला लावलं. ऐकायला फक्त बाकं. तेव्हा मला कळलं की माहीत असणं वेगळं आणि जिभेला सवय असणं वेगळं.

"ते शिक्षकाचं झालं," बापू म्हणाला. "शिक्षकाचं कामच बोलायचं. क्वालिटीला बोलायचं काय काम?"

"माप चुकलं तर सुपरवायझरला जाऊन कोण सांगणार? जॉब रिजेक्ट केला की ऑपरेटर अंगावर येतो, त्याला कोण समजावणार?"

यावर त्याला बोलता आलं नाही, पण तो गप्पही बसला नाही. त्यानं जे विचारलं ते मला अजून टोचतं.

"अक्का, मग ह्या पोरांची तोंडं शिवली कुणी? पाचवीपासून दहावीपर्यंत त्यांना काय सांगतात? हाताची घडी, तोंडावर बोट. विचारल्याशिवाय बोलू नको. प्रश्नाचं उत्तर पुस्तकातल्या शब्दांत लिही, स्वतःचं घालू नको, मार्क जातील. सहा वर्षं हे करायचं आणि एकविसाव्या वर्षी म्हणायचं, स्वतःबद्दल सांग. पोरगं पाठांतरच करणार की. तुम्हीच त्याला शिकवलंय, की प्रत्येक प्रश्नाचं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं उत्तर असतं."

मी शाळेत हेच केलं. सत्तर मुलांच्या वर्गात दुसरं काही जमत नव्हतं हेही खरं, पण केलं. आणि आता आमच्या साताऱ्यातली हुशार मुलं अभ्यासिकांमध्ये बसलेली असतात तीही सरकारी नोकरीच्या परीक्षाच देत असतात. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतल्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, वशिला थांबावा म्हणून, आणि ते चांगलंच झालं. पण त्यामुळं कित्येक मुलं सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी, परीक्षांचा नाद सोडल्यावर, पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर बसतात. भाची एकविसाव्या वर्षी बसते आहे, हे तिचं नशीब.

कराड आलं. हे स्टेशन ओगलेवाडीला आहे. एके काळी इथल्या काच कारखान्यातले कंदील घराघरांत होते. मला इथं आलं की कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, आठवतात, कारण त्यांची रयत शिक्षण संस्था याच तालुक्यातल्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ ला निघाली. संस्था साताऱ्याला आली ती १९२४ मध्ये. पण त्याआधीचे भाऊराव पाटील कोण होते, हे मुलांना सांगायला आम्ही शिक्षक विसरतो. ते फिरते विक्रेते होते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडायचे. मी बापूला म्हटलं, "तुझ्याच धंद्यातला दाखला देते. तो नांगर चांगला होता की नव्हता?"

"होता की."

"मग खपत का नव्हता?"

बापूला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. किर्लोस्करवाडीच्या जवळपास वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला ती माहीत असतेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, पण शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती. सुरुवातीचे मोजके नांगर विकायला दोन वर्षं गेली.

"नांगर उत्तम होता," मी म्हणाले, "आणि तो दुकानात पडून होता. तू हिला सांगतोस की चांगली हो, पुरे. मी म्हणते, चांगली हो आणि बांधावर जाऊन सांगायलाही शीक. भाऊराव बांधावर उभं राहून बोलले असतील तेव्हा शेतकऱ्याच्या मनातली भीती कोणती, हे त्यांना आधी कळलेलं असणार. त्याशिवाय नांगर जात नाही. आणि तेच अण्णा पुढं गावोगाव पोरं मागत, धान्य मागत, जागा मागत हिंडले. ती जीभ तिथं तयार झाली, असं मला वाटतं."

"आणि मी काय म्हणतो," बापू म्हणाला, "शेतकऱ्याला पटलं ते भाषणानं नाही. शेजाऱ्याच्या रानातली तास बघितली, तेव्हा पटलं. लोखंडाचा फाळ किती खोल जातो ते डोळ्यांनी बघितल्यावर."

"तास बघायला रानापर्यंत यायला कुणी लावलं?"

"बरं. पण तास खोटी असेल तर तुझं बोलणं काय कामाचं?"

भाची आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिला मध्ये बोलायचं नव्हतं. हे तिच्या आईचं वळण.

शेणोली गेल्यावर बापूनं तिचा बायोडाटा मागितला. दोन पानं, सुबक. करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून चार ओळींचं इंग्रजी. खाली मार्क. सगळ्यात शेवटी, एका ओळीत, प्रशिक्षण सहा महिने. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली सुरू झाली, त्यात डिप्लोमा झालेल्यांना महिना ८,००० रुपये विद्यावेतन होतं, आणि ती साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर सहा महिने होती.

"इथं काय केलंस?"

"काही नाही मामा. जॉब चेक करायचे. बोअर गेजनं."

"सहा महिने नुसतं चेक?"

"आणि वहीत लिहायचे."

"कुठली वही?"

तिनं पिशवीतून वही काढली. मला ती वही पहिल्यांदाच दिसत होती. शाळेची, दोनशे पानी, कोपरे मळलेले. तारीख, वेळ, जॉब नंबर, माप. रोज. बापूनं पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबला. सकाळच्या वेळेची काही मापं तिनं लाल पेननं गोल केली होती.

"हे काय?"

आणि तेव्हापासून पुढची पंधरा मिनिटं मी एक अक्षर बोलले नाही. ती सांगत होती. पहिल्या पाळीचे सुरुवातीचे पाच-सहा जॉब मापाच्या बाहेर यायचे, नंतरचे बरोबर यायचे. ऑपरेटर म्हणायचा, कास्टिंग खराब आहे. पण कास्टिंग खराब असतं तर दुपारीही बाहेर गेलं असतं. म्हणून तिनं तीन आठवडे वेळ लिहिली. सोमवारी सगळ्यात जास्त, कारण रविवारी सुट्टी.

"मग?"

"मशीन गार असतंय ना मामा. स्पिंडल गरम होतं तसं वाढतं. शंभरातला दोन भाग मिलिमीटर, पण आमची टॉलरन्सच तेवढी होती. मी सुपरवायझर साहेबांना वही दाखवली."

"काय म्हणाले?"

"आधी काही नाही म्हणाले. नंतर त्यांनी सकाळी मशीन वीस मिनिटं रिकामं फिरवून मग जॉब लावायला सांगितलं. सकाळचं रिजेक्शन कमी झालं."

"किती कमी?"

"लिहिलंय की. पुढच्या पानावर."

बापूनं एकामागून एक प्रश्न विचारले. मास्टर रिंगला गेज रोज लावायचीस का? दोघांनी तेच माप घेतलं तर फरक किती यायचा? एसी होता का तपासणीच्या खोलीत? काहींची उत्तरं तिला आली, एकाला ती म्हणाली, ते मी बघितलं नाही. ती रुळांकडं बघत नव्हती. मामाच्या तोंडाकडं बघत होती आणि हात हलवत होती. थँक यू फॉर धिस अपॉर्च्युनिटी हे सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे.

"हे बायोडाटात का नाही?" मी विचारलं.

"त्यात काय लिहायचं, मावशी? ते तर कामच होतं."

ह्या वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. आमच्याकडची मुलं स्वतःजवळ काय आहे ते लपवत नाहीत, ते त्यांना आहे असंच वाटत नाही. पहाटे उठून धार काढणारा मुलगा, उसाच्या तोडणीच्या टोळीचा हिशेब ठेवणारी मुलगी, तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर सुट्टीत प्रतवारी करणारी मुलं. विचारा, अनुभव काय? म्हणतात, काही नाही, फ्रेशर आहे. जे घरात पोटासाठी केलं जातं ते सांगण्याजोगं नसतं, अशी आपलीच शिकवण. तयारी करायची ती इथून. दुसऱ्याचं उत्तर उचलायच्या आधी स्वतःची गेली पाच वर्षं उकलायची आणि वहीत लिहायची. मी काय बघितलं, मला काय खटकलं, मी काय केलं, त्यानं काय फरक पडला. बापूच्या सेटरसारखं, आधी आपलं शून्य बघायचं.

"झालं तर," बापू वही मिटत म्हणाला. "उद्या ही वही घेऊन जा. दुसरी कसली तयारी नको."

"थांब. आता हेच परत सांग," मी भाचीला म्हटलं. "दोन मिनिटांत. त्यांनी सोमवारबद्दल विचारलं नाही तरी सोमवार आला पाहिजे."

"अक्का, तू ह्याचंही पाठांतर करणार."

"शब्द पाठ करायचे नाहीत. क्रम पाठ करायचा. तू पंधरा मिनिटं खोदून खोदून विचारलंस म्हणून हे बाहेर आलं. तू तिचा मामा आहेस, तुला वेळ होता. उद्याच्या माणसाकडं एकूण पंधरा मिनिटं, आणि बाहेर चाळीस जण बसलेले."

ताकारी ते किर्लोस्करवाडी एवढ्यात ती तीनदा बोलली. पहिल्यांदा घाईत. दुसऱ्यांदा फारच वाईट, मध्येच इंग्रजीत शिरली आणि अडकली. तिसऱ्यांदा नीट, सोमवारसकट. मला तिसरं आवडलं. बापूला अजूनही वाटतं की त्याला वही दाखवताना ती जे बोलली तेच सगळ्यात चांगलं होतं. यावर आमचं आजपर्यंत जुळलेलं नाही.

इंग्रजीचं मात्र दोघांचं एकमत झालं, आणि लवकर झालं. ड्रॉइंग इंग्रजीत असतं, रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, परगावचं गिऱ्हाईक ऑडिटला आलं की तेही इंग्रजीत बोलतं. तेव्हा टाळून चालणार नाही. पण सांगली-कुपवाडच्या शेडमध्ये बोलणं मराठीत आणि हिंदीत चालतं. तिनं नाव-गाव-शिक्षण साध्या इंग्रजीत सांगावं आणि मग सरळ विचारावं, "सर, कामाचं मराठीत सांगितलं तर चालेल का?" मोडक्या इंग्रजीत मशीन गार असल्याचं सांगण्यापेक्षा हे शंभरपट बरं. परवानगी मागण्यात कमीपणा नाही.

किर्लोस्करवाडीला गाडी थांबली. पूर्वी या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी इथल्या माळावर कारखाना आणला. बापूनं इथं उतरून चहा आणला आणि हातातला कप न पिता म्हणाला, "अक्का, हे गाव कुणी उभं केलं माहीत आहे ना? शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर, ते इंजिनिअर झाले. परीक्षेत अपयश आलेले के. के. कुलकर्णी, ते व्यवस्थापन बघायचे, विक्रीला हिंडायचे. आणि रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर. तुझ्या पद्धतीच्या मुलाखतीत ह्यातला एक तरी पास झाला असता का?"

"नसता."

"मग?"

"लक्ष्मणरावांनी ती माणसं पंधरा मिनिटांत ओळखली नाहीत, बापू. त्यांच्याबरोबर ते राहिले, एका माळावर, महिनोन् महिने. हातातलं काम बघितलं, संकटात कोण कसा वागतो ते बघितलं. तेवढा वेळ देणारा मालक मिळाला तर मुलाखतीची गरजच नाही. तो वेळ आज कोण देतो? तूसुद्धा देतोस का?"

"मी वर्निअर देतो."

"तू वर्निअर देतोस हे खरंच मोठं आहे," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्याला बहुधा मी असं म्हणेन असं वाटलं नव्हतं. चहा संपवून तो एकदम व्यवहाराचं बोलायला लागला, आणि त्यातलं बरंचसं मलाही नवं होतं. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच वेगवेगळ्या फायलीत ठेव. मूळ कागद दाखवायचे, कुणी ठेवून घेतो म्हटलं तर द्यायचे नाहीत. नोकरीसाठी कुणी एक रुपयाही मागितला, डिपॉझिट म्हणून, युनिफॉर्मचे म्हणून, तर उठून यायचं. बाँड असेल तर घरी नेऊन वाचतो म्हणायचं. "ट्रेनी म्हणजे नक्की काय ते विचार. अप्रेंटिस धरणार असतील तर फंड कापला जात नाही. कामगार म्हणून घेत असतील तर बेसिकच्या १२ टक्के तुझे आणि तेवढेच त्यांचे. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागतं, त्यात तुझा पाऊण टक्का, आजारपणात उपयोगी पडतं. अपेक्षा किती विचारली तर आकडा सांगायच्या आधी विचारायचं, हातात किती पडतील?"

"असं विचारलं तर राग येणार नाही?" भाचीनं विचारलं.

"मला येत नाही. जो विचारत नाही तो दोन महिन्यांनी सोडून जातो."

"आणि ते मला विचारतील का, लग्न कधी?"

आम्ही दोघंही गप्प झालो. ती कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं सांगत होती. तिला मुलाखतीत ड्रॉइंगबद्दल एक प्रश्न विचारला आणि लग्नाबद्दल चार.

मी म्हणाले, "चिडायचं नाही आणि हसायचंही नाही. सांगायचं, सर, मी निदान तीन वर्षं इथं शिकायचं ठरवून आले आहे. आणि लगेच वही उघडायची." हे उत्तर मी तिथल्या तिथं बनवलं. ते पुरेसं नाही हे मला कळत होतं. प्रश्नच चुकीचा असला की उत्तर कितीही घासलं तरी चमकत नाही.

भिलवडी गेलं. बाहेर अंधार पडला होता. भाची बराच वेळ वहीच्या कोऱ्या पानाकडं बघत होती. मग तिनं मान वर केली.

"मामा, तुमच्याकडं मुली किती आहेत?"

"एक."

"मशीनवर?"

"ऑफिसात. अकाउंटला."

"तपासणीला का नाही?"

बापूनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मदत केली नाही.

"दोन पाळ्या असतात. रात्री दहाला सुटते दुसरी. आणि शेडमध्ये..." तो थांबला. "शेडला बाथरूम एकच आहे."

"म्हणजे मी तुमच्याकडं आले असते, शून्य बरोबर बघितलं असतं, तरी?"

तो खोटं बोलत नाही. लहानपणापासून नाही. म्हणाला, "तरी नसतं घेतलं. आजवर तरी."

माझ्या तोंडावर आलं होतं की कारखान्यात बायकांची वेगळी सोय पाहिजे हे कायद्यानंच सांगितलंय. मी ते बोलले नाही. त्याला ते माहीत होतं, आणि त्याचा चेहरा मला दिसत होता. बावीस वर्षं हा माणूस अभिमानानं सांगत आला होता की मी तोंड बघत नाही, हात बघतो. ज्या हातांना दारातनं आतच येता आलं नाही, ते त्याला दिसायचे कसे?

भाचीनं वहीत लिहायला सुरुवात केली. मी डोकावून बघितलं. शीर्षक घातलं होतं, मी विचारायचे प्रश्न. पाळ्या कोणत्या. दुसरी पाळी सुटल्यावर गाडी आहे का. तपासणी विभागात आता मुली किती आहेत. गेजची तपासणी किती महिन्यांनी होते. चौथा प्रश्न वाचून बापू म्हणाला, "हा पहिला विचार." ती म्हणाली, "नको मामा, तिसरा पहिला."

माधवनगर आलं. बापूनं फोन काढला आणि त्याच्या ओळखीच्या गवंड्याला लावला. शेडच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, सहा बाय आठची जागा आहे, उद्या दुपारी येऊन बघून जा, म्हणाला. फोन ठेवून तो बॅगा काढायला उठला. सांगली पुढचंच स्टेशन होतं.